नसलेलं खिंडार

सहल म्हटली की पुरी-भाजी, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे की त्याचा कधी विचारही करावा लागत नाही. त्यामुळे अमेरिकेत अटलांटाजवळच्या एका छोट्या इंजिनीअरिंग ऑफिसात मी नुकतीच लागले होते तेव्हा साहेबांनी एका शुक्रवारी जाहीर केलं, "उद्या सगळे चिकामॉगाला," आणि मी घरी येऊन आधी कणीक मळायला घेतली. चिकामॉगा म्हणजे काय, हे मी विचारलं नव्हतं. नावावरून मला ते एखादं तळं असावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जॉर्जियाच्या उत्तर टोकाला पोहोचलो तर तळं-बिळं काही नाही. मोकळं गवत, त्याच्या कडेने दाट रान, जागोजागी दगडी स्मारकं आणि मधूनमधून मांडलेल्या जुन्या तोफा. ऑफिसातली मंडळी जाडजूड बूट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि नकाशे घेऊन आलेली. मी नवा पंजाबी ड्रेस आणि कोल्हापुरी चपला घालून, हातात पुऱ्यांचा डबा, भाजीचा डबा आणि काखोटीला लोणच्याची बाटली अशी उभी. मला तिथल्या तिथे परत जावंसं वाटलं. साहेब आले, त्यांनी दोन्ही डबे माझ्या हातातून घेतले, स्वतःच्या गाडीत सावलीच्या बाजूला नीट ठेवले आणि म्हणाले, "हे जेवायच्या वेळेपर्यंत सुरक्षित राहायला हवं." माझ्या चपलांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. सैन्याच्या इंजिनीअर दलातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. केस बारीक कापलेले, शर्ट स्वतः इस्त्री केलेला. ऑफिसात सगळ्यांच्या आधी येऊन कॉफी ते करायचे. पुण्याच्या ऑफिसात मी साहेबांचा चहा शिपायाच्या हातात जाताना पाहिला होता. इथे पहिल्याच दिवशी साहेबांनी मला विचारलं, "दूध घालू का?" मी इतकी गोंधळले की नको म्हणून बसले, आणि पुढे कित्येक महिने ती कडू कॉफी पीत राहिले. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नसतो, पण त्यांचं बोलणं मला कायम 'तुम्ही'तच ऐकू यायचं.

त्यांच्या सैन्यात म्हणे जुनी पद्धत आहे. अधिकाऱ्यांना जुन्या रणांगणावर न्यायचं, आणि जिथे निर्णय घेतला गेला नेमक्या त्याच जागी उभं करायचं. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तुम्ही कोण आहात, या घटकेला तुम्हाला काय ठाऊक आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं. पुढे काय झालं ते लिहिलेलं नसतं. मग विचारायचं, आता तुम्ही काय कराल? साहेबांनी ती पद्धत आपल्या ऑफिसात आणली होती. शक्यतो हरलेली बाजू घ्यायची. सगळ्यात नव्या माणसाने आधी बोलायचं, साहेबांनी सगळ्यात शेवटी. आणि मेलेल्या सेनापतीला मूर्ख म्हणायचं नाही. कुणी म्हटलंच तर साहेब त्याला शांतपणे विचारायचे, "तो तुमच्यापेक्षा मूर्ख होता असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

मला हे सगळं अजबच वाटत होतं. आमच्या शाळेत इतिहास म्हणजे घेतलेले किल्ले. हरण्यापैकी एक पानिपत तेवढं होतं, पण तेही सुस्कारा टाकण्यापुरतं. कुणी आम्हाला नकाशा हातात देऊन, तिथे तुम्ही असतात तर काय केलं असतंत, असं विचारलं नव्हतं. आणि इथे हा माणूस सुटीच्या दिवशी उन्हातून हिंडत आपल्याच देशाच्या सेनापतींच्या चुका इतक्या मायेने दाखवत होता, की जणू घरातल्याच कुणाच्या असाव्यात.

त्यांच्या यादवी युद्धातली ही लढाई. माझ्या कार्डावर होतं ते असं. मी उत्तरेच्या फौजेतली एक अधिकारी. माझी माणसं रानाच्या कडेला रांगेत उभी आहेत आणि समोर झाडीत शत्रू आहे. आज सकाळीच मुख्य सेनापती माझ्यावर माझ्या माणसांदेखत ओरडला आहे, हुकूम पाळायला उशीर करता म्हणून. आता त्याचीच चिठ्ठी आली आहे: तुमच्या पलीकडच्या आपल्या तुकडीला जाऊन मिळा. पण त्या तुकडीच्या आणि माझ्या मधे आपलीच आणखी एक फौज आहे, हे मला माहीत आहे. म्हणजे हुकूम पाळायचा तर माझी माणसं रांगेतून काढून मागून फिरवून न्यावी लागणार.

"मग?" साहेबांनी विचारलं. "काय कराल?"

नवी मीच होते. म्हटलं, "जाईन."

"का?"

"साहेबांनी सांगितलंय. आणि सकाळीच बोलणी खाल्लीयत."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर. त्यानेही हेच केलं."

मग आम्हाला त्या गवतातून चालवत त्यांनी पुढचं सांगितलं. मधली फौज दाट झाडीत उभी होती. तिथून जाणाऱ्या कुणाला तरी ती दिसली नाही, आणि त्याने सेनापतीला कळवलं की रांगेत खिंडार पडलंय. सेनापतीने स्वतः जाऊन पाहिलं नाही. त्याने ते नसलेलं खिंडार बुजवायला चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी मिळालेल्या माणसाने माणसं काढली, आणि खरोखरचं खिंडार पडलं. शत्रू नेमका त्याच वेळी नेमका तिथूनच घुसला. अर्धी फौज सेनापतीसकट पळाली. एक अधिकारी मात्र उरलेसुरले लोक गोळा करून जवळच्या टेकडीवर संध्याकाळपर्यंत टिकून राहिला, म्हणून बाकीचे वाचले. साहेबांनी त्या टेकडीवर आम्हाला नेलं तेव्हा माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि तरीही मी मागे राहिले नाही.

"चूक कुणाची?" त्यांनी टेकडीवर विचारलं. मी म्हटलं, चिठ्ठी लिहिणाऱ्याची. दुसरा म्हणाला, ज्याला झाडीतली माणसं दिसली नाहीत त्याची. तिसरा म्हणाला, मधे फौज आहे हे माहीत असून ज्याने ती पाळली त्याची. साहेब शेवटी बोलले. "मला वाटतं, सकाळी सेनापती ओरडला, तेव्हाच तो ही लढाई हरला. त्यानंतर त्याला कोण विचारणार होतं?"

मग आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर बसून पुरी-भाजी खाल्ली. साहेबांनी लोणच्याची अख्खी फोड एकदम तोंडात टाकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आणखी मागत होते. पुढच्या वर्षीच्या सूचनेत त्यांनी लिहिलं होतं: बूट घालून या, जेवण आणू नका, त्याची सोय झालेली आहे. सोय म्हणजे माझी पुरी-भाजी, आणि तीही माझ्याशी काहीही न बोलता.

घरी नवऱ्याला हे सांगितलं की तो नुसता हसायचा. तो नागपूरची चांगली सरकारी नोकरी सोडून इथे विद्यापीठात संशोधन करायला आला होता. का सोडली, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, तिथे फ्यूचर नव्हतं. याउपर तो त्या नोकरीबद्दल कधीच काही बोलत नसे, आणि मीही खोदून विचारलं नाही. पक्की नोकरी माझी होती, त्यामुळे आमच्या दोघांच्याही ग्रीन कार्डाचा अर्ज माझ्या कंपनीमार्फत होता. "ते डेमॉक्रसी वगैरे सहलीपुरतं असतं गं," तो म्हणायचा. "खरी वेळ आली की साहेब तो साहेब."

पण मला तसं दिसत नव्हतं. ऑफिसात एखादं ड्रॉइंग तपासायला सगळे टेबलाभोवती जमलो की साहेब नव्या माणसाकडे बघून गप्प बसायचे. ते गप्प बसणं मोठं अवघड असायचं. माणूस काहीतरी बोलायचाच, आणि बऱ्याचदा तेच कामाचं निघायचं. एकदा एका जिन्याच्या बाबतीत मी त्यांच्याच हिशोबातली चूक काढून दाखवली. त्यांनी तो पुन्हा करून पाहिला, "थँक यू" म्हणाले, आणि आपला कागद माझ्यासमोर फाडून टाकला. मी त्या दिवशी घरी जाताना गाडीत एकटीच मोठ्याने गात होते. इतकं मला कुणी मोजलं नव्हतं.

आणि मग एकदा ते ओरडले.

एका हॉस्पिटलच्या पार्किंगचं काम चालू होतं, मजल्यावर मजला असं काँक्रीटचं. पावसाने काम रखडलेलं, हॉस्पिटलचा मालक रोज फोनवर तगादा लावायचा. मी एका कोपऱ्याचं ड्रॉइंग अडवून धरलं होतं, कारण एक माप मला पटत नव्हतं. साहेब फोन ठेवून बाहेर आले आणि सगळ्यांदेखत माझ्यावर कडाडले. इतका उशीर कशाला, प्रत्येक गोष्टीत शंका कशाला, काम पुढे जायला नको का? सगळं ऑफिस खाली मान घालून पेन्सिली चालवत होतं. मी ते ड्रॉइंग तसंच सही करून दिलं. माप बरोबरच होतं, पण ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांची चिठ्ठी आली. साइटवर फोन करून कळवा, दुसऱ्या मजल्याच्या मधल्या गाळ्यातले टेकू आजच काढून घ्या, पुढे लागणार आहेत.

टेकू म्हणजे ओल्या काँक्रीटला खालून दिलेले आधाराचे खांब. मी ड्रॉइंग उघडून बघितलं. त्या गाळ्याच्या वरचा मजला नुकताच ओतलेला, त्याचं सगळं ओझं खालच्या स्लॅबवर उतरत होतं, आणि खालच्या स्लॅबला कागदावर तरी त्या टेकूंशिवाय दुसरा आधार नव्हता. ते काढले की काय होईल, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. खाली माणसं काम करत होती.

जेवणाच्या सुटीत मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "त्यांना माहीत असेल ना. कालच ओरडलेत, आज परत तोंड वर करून जाणार? तुझं लेटर त्यांच्या टेबलवर आहे यार." ग्रीन कार्डासाठी कंपनीचं शेवटचं पत्र साहेबांच्या सहीसाठी पडून होतं, ते तो म्हणत होता. मग त्याने आमच्या ओळखीच्या एका डॉक्टर काकांना फोन लावला. काका इथे फार पूर्वी आलेले, सगळ्या मराठी मंडळींना सल्ला देणारे. त्यांनी मला उलटा फोन केला. "हे बघ, चिठ्ठी फाइल करून ठेव, म्हणजे उद्या काही झालं तर तू सेफ. बॉसला क्रॉस नाही करायचं. ग्रीन कार्ड हातात पडू दे, मग काय भांडायचं ते भांड."

मी म्हटलं, "काका, चिठ्ठी फाइलला राहील, पण वरचं काँक्रीट वर राहील का?"

काका म्हणाले, "तुला समजवायला मी काही तुझा बाप नाही," आणि त्यांनी फोन ठेवला.

मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. पत्र अडलं तर आम्हा दोघांनाही बाडबिस्तरा गुंडाळून परत जावं लागलं असतं, आणि त्याचं संशोधन अर्धवट होतं. पण माझ्या टेबलाच्या खणात चिकामॉगाच्या पहिल्या सहलीचं ते कार्ड होतं. मी ते काढलं, नवऱ्याला फोनवर 'विचारायला जातेय' एवढं कळवलं, साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांच्याच चिठ्ठीवर ते ठेवून दोन्ही त्यांच्यापुढे केली. तोंडातून शब्द फुटेना म्हणून असं केलं, त्यात काही नाटक नव्हतं.

त्यांनी कार्ड वाचलं. ते त्यांच्याच अक्षरात होतं. वाचता वाचता त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता पुन्हा कडाडणार.

त्यांनी टेबलावरच्या कागदांतून एक पाकीट ओढून काढलं. माझं पत्र. त्यावर सही केली, पाकीट बंद केलं, बाहेरच्या सेक्रेटरीबाईंना हाक मारली आणि सांगितलं, "हे आत्ताच्या आत्ता पोस्टात टाकून या. बाकी काम राहू द्या." बाई पर्स घेऊन निघाल्या. काचेतून त्यांची गाडी रस्त्याला लागेपर्यंत साहेब बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता सांगा, मी कुठे चुकतोय?"

मी सांगितलं. आधी चाचरत, मग नीट. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं आणि म्हणाले, "काँट्रॅक्टरने फोनवर सगळं तयार आहे म्हटलं, म्हणून मी लिहिलं. मी जाऊन पाहिलेलं नाही." आणि टोपी घेऊन उठले. साइटवर फोन करून कुणी कशालाही हात लावू नये म्हणून कळवलं, आणि आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून गेलो.

दुसऱ्या मजल्यावर मधल्या गाळ्यात प्लायवूडचा एक आडोसा उभा होता, सामान ठेवायला केलेला. काँट्रॅक्टरच्या माणसाने तो बाजूला सरकवला. मागे लोखंडी चौकटी उभ्या होत्या, जमिनीपासून छतापर्यंत, नव्याकोऱ्या, भक्कम. वरच्या मजल्याचं ओझं घ्यायला त्यांनी आधीच लावून ठेवल्या होत्या. फक्त ड्रॉइंगवर त्या आल्या नव्हत्या. टेकू काढले असते तर काहीही झालं नसतं.

झाडीत उभी असलेली फौज मला दिसली नव्हती. खिंडार नव्हतंच. सगळं काम माझ्या शंकेपायी थांबलं होतं, काँट्रॅक्टर घड्याळाकडे बघत होता, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. साहेबांनी प्रत्येक चौकट हाताने हलवून पाहिली. मग काँट्रॅक्टरला म्हणाले, "काढा टेकू. आणि या चौकटी आजच ड्रॉइंगवर यायला हव्यात."

परत येताना मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आपल्या स्वतःच्या युद्धाबद्दल ते कधी बोलत नसत. त्या दिवशी तेवढं एकदाच बोलले, रस्त्यावरून नजर न काढता. "एकदा रेडिओवर मी एका पोरगेल्या अधिकाऱ्यावर ओरडलो होतो, फार प्रश्न विचारतो म्हणून. त्यानंतर त्याने मला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं." ऑफिस येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण रडू आलेलं त्यांना दिसू नये असं मला वाटत होतं.

सकाळी सगळ्यांना कॉफी देऊन झाल्यावर ते टेबलाच्या टोकाला उभे राहिले. म्हणाले, "परवा मी हिच्यावर ओरडलो. ते चुकीचं होतं. काल न पाहता चिठ्ठी लिहिली. तेही चुकीचं होतं. काल ही मला थांबवायला आली आणि तिचा अंदाज चुकला. पण तिने विचारलं, आणि मला पुढेही तेच हवं आहे." एवढं बोलून ते आपल्या कामाला लागले. मी आयुष्यात साहेबाला माफी मागताना पाहिलं नव्हतं, आणि तीही अशी, उभ्याने, सगळ्यांदेखत. चिकामॉगाला तो सेनापती पळाला आणि टेकडीवर एक अधिकारी थांबला, असं ते दर वर्षी सांगायचे. थांबणं म्हणजे काय असतं ते मला त्या टेबलापाशी दिसलं.

पण हे सगळं सकाळचं. आदल्या संध्याकाळी मी घरी पोहोचले तेव्हा नवरा दारातच उभा होता. त्याने कुकर लावला होता, पण गॅस पेटवायचा विसरला होता.

"मग?" तो म्हणाला. "बरोबर निघालीस की चूक?"

"चूक."

तो मटकन खुर्चीत बसला. "आणि लेटर?"

"गेलं. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी सही करून पोस्टात धाडलं. म्हणाले, आता सांगा."

त्याने ते मला पुन्हा सांगायला लावलं. सही आधी, मग पाकीट, मग बाईंची गाडी, आणि मग प्रश्न. मी सांगितलं. तो उठला, गॅसपाशी गेला, काडी हातात धरून माझ्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "नागपूरला मला असा एक साहेब मिळाला असता, तर आपण इथे आलोच नसतो."

आणि त्या संध्याकाळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याने मला ती नोकरी का सोडली ते सांगितलं.